सुशेगाद, व्हाया सान होसे

प्लॅन तिघींचा होता. ह्यूस्टनच्या ऑफिसातल्या कॅफेटेरियात, टिश्यू पेपरवर लिहिलेला. मग एकीच्या प्रोजेक्टचं गो-लाइव्ह पुढे गेलं, दुसरीच्या सासू-सासऱ्यांचं तिकीट नेमकं त्याच आठवड्यात निघालं. उरले मी आणि माझं नॉन-रिफंडेबल तिकीट. ह्यूस्टन ते सान होसे, कोस्टा रिका. सप्टेंबरचे सात दिवस.

आईला फोनवर सांगितलं. पलीकडे आधी शांतता. मग, "गणपतीला यायला रजा नव्हती ना तुझ्याकडे?"

संपलं! याच्यावर बोलणार काय? सात दिवसांत गुहागरला जाऊन येणं म्हणजे त्यातले चार दिवस प्रवासात आणि तिकिटाचे पैसे तिप्पट, हे गणित आईला पटतं, पण तेवढ्यापुरतंच. "आणि समुद्रच बघायचाय तर आपल्याकडे काय खारं पाणी नाही?" हा तिचा शेवटचा बॉल. मी सरळ सोडून दिला.

आईला एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती. निघायच्या आदल्या दिवशी मॅनेजरने केबिनमध्ये बोलावून ऑनसाइट आणखी दोन वर्षं वाढवायची ऑफर दिली होती. उत्तर पुढच्या सोमवारपर्यंत. "मस्त बीचवर जाते आहेस, शांतपणे विचार कर," म्हणाला. म्हणजे सुट्टीलाही होमवर्क!

तर मंडळी, कोस्टा रिकाला दोन किनारे आहेत. पॅसिफिकचा किनारा ब्रोशरवाला. सर्फर्स, योगा रिट्रीट, इन्फिनिटी पूल. दुसरा कॅरिबियनचा, जरा दुर्लक्षित आणि म्हणूनच खिशाला बरा. त्यातही एक गंमत म्हणजे, बाकी देशात धो धो पाऊस असताना सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या बाजूला ऊन असतं आणि समुद्र तळ्यासारखा शांत. टूरिस्ट कमी, भाडी कमी. मला बजेटमध्ये बसणारं हेच होतं. गाव ठरलं, प्वेर्तो व्हिएहो. शब्दशः 'जुनं बंदर'.

सान होसेहून बस साडेचार-पाच तास घेते. आधी घाट. ढगात बुडालेलं ब्राउलिओ कार्रिओचं जंगल आणि जागोजागी दरड कोसळल्याच्या खुणा. पावसाळ्यात हा रस्ता कधी बंद पडेल सांगता येत नाही म्हणे, त्यामुळे मला लगेच घरच्यासारखं वाटलं. मग सपाटी आणि मैलोन् मैल केळीच्या बागा. प्रत्येक घडाला निळी प्लास्टिकची पिशवी बांधलेली, जणू सगळा बगीचा रेनकोट घालून उभा आहे. लिमोन बंदर मागे पडलं आणि डाव्या हाताला समुद्र आला. माडांच्या मधून दिसणारा. माझ्या शेजारची बाई झोपली होती, नाहीतर मी तिला हलवून दाखवला असता.

माझी खोली, म्हणजे इकडच्या भाषेत 'काबिना', अठ्ठावीस डॉलर रात्रीची होती. लाकडी घर, वर पत्रा, पंखा, मच्छरदाणी, व्हरांड्यात एक हॅमॉक. एसी नाही. मालकीण पंचाहत्तरीची, काळीसावळी, उंचपुरी, कपाळावर चष्मा. सगळं गाव तिला 'मिस' म्हणतं, मीही तेच म्हणायला लागले. माझं स्पॅनिश 'ग्रासियास'वर संपतं, पण मिस माझ्याशी इंग्लिशमध्येच बोलली. म्हणजे इंग्लिशसारखं काहीतरी. लिमोनच्या लोकांची ही जमैकन वळणाची बोली, 'मेकातेल्यू' म्हणतात तिला. पहिले दोन दिवस मला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागलं.

पहिल्या दिवशी मी जे केलं ते तुम्हीही केलं असतं. लिस्ट काढली! सकाळी सायकल, दुपारी स्नॉर्केलिंग, संध्याकाळी सनसेट. सायकल मिळाली, आठ डॉलर रोज. गावापासून मान्सानियोपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा रस्ता, एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला एकामागून एक बीच. कोक्लेस, प्लाया चिकिता, पुंता ऊवा. मी दुपारी दोनपर्यंत चारही 'कव्हर' केले. मग घाईघाईने सनसेटसाठी पाण्याच्या कडेला येऊन बसले. बसले, बसले, आणि अंधार झाला.

सूर्य मागे, डोंगराआड बुडाला होता! पूर्वेचा किनारा. हा समुद्र सूर्य देतो, घेत नाही. आयुष्यभर समुद्र म्हणजे पश्चिम असं धरून चाललेल्या कोकणातल्या मुलीला हे सुचूच नये? मिस हसून हसून बेजार झाली. "मग पहाटे ऊठ की," म्हणाली.

उठले. सव्वापाचला. आणि तिसऱ्या सकाळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. पाणी हलतच नव्हतं. म्हणजे लाटा होत्या, पण भरती-ओहोटी? काल जिथे चप्पल ठेवली होती तिथेच पाणी. गुहागरला ओहोटीला समुद्र किती आत जातो, आठवा. इथे फरक जेमतेम फूटभराचा. आजोबा पंचांगात भरतीची वेळ बघून मासे आणायला निघायचे. इथे त्यांचं कसं झालं असतं?

मिसला हे बोलले तर तिने समोरच्या खडकांकडे बोट केलं. 22 एप्रिल 1991. दुपारी मोठा भूकंप झाला आणि हा सगळा किनारा काही ठिकाणी चार-पाच फूट वर उचलला गेला. "पाणी मागे गेलं आणि आम्ही वाट बघत बसलो, परत येईल म्हणून," मिस म्हणाली. "ते पूर्वीच्या जागी काही आलं नाही." भरतीच नाही, तर उघडं पडलेलं कोरल भिजवणार कोण? ते तिथेच मेलं. आता त्यावर पोरं बसून गळ टाकतात.

तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी मला रडू आलं, तेही सांगून टाकते. सोलो ट्रिपच्या लेखांमध्ये हा भाग कापलेला असतो. काही झालं नव्हतं. एका 'सोडा'त जेवत होते. सोडा म्हणजे इथली साधी खानावळ, पिण्याचा नव्हे. सगळी टेबलं दोघांची, चौघांची. वेटरने समोरची रिकामी खुर्ची मागितली आणि उचलून शेजारच्या टेबलाला लावली. बस, एवढंच. मी पटापट जेवले, बिल दिलं आणि रस्त्यावर आले. फोन काढला. ऑफिसचे एकोणचाळीस मेल. त्यात मॅनेजरचा एक, 'एनी थॉट्स?' थॉट्स नव्हते. फोन बॅगेत तळाशी टाकला आणि तिथेच राहू दिला.

चौथ्या दिवशी मी काहीही केलं नाही. हॅमॉकमध्ये पडून समोरच्या झाडावरचा स्लॉथ बघितला. स्पॅनिशमध्ये त्याला 'पेरेसोसो' म्हणतात, सरळ 'आळशी'. सकाळी दहाला त्याचा एक हात वरच्या फांदीकडे निघाला होता. मी अंघोळ करून आले, तोपर्यंत पोचला होता. अप्रेझलमध्ये याला काय रेटिंग मिळेल, असा विचार मनात आला. सवय जाते थोडीच.

रविवारी मिसने स्वयंपाकघरात बोलावलं. इथे रविवार म्हणजे राइस अँड बीन्स. कोस्टा रिकात रोज न्याहारीला मिळतो तो गायो पिंतो वेगळा, हा वेगळा, दोघांची गल्लत केलीत तर लिमोनमध्ये तुम्हाला पाणी मिळणार नाही. नारळ फोडायचा, खोबरं किसायचं, पिळून दूध काढायचं. राजम्यासारखे बीन्स आधी शिजवलेले, त्यात ते दूध, थाइमची काडी, तांदूळ. वर एक अख्खी पनामा मिरची अलगद ठेवायची. ती फुटली तर घर सोडून पळायची पाळी! न फुटता फक्त वास उतरला पाहिजे. मिस किसत होती, मी पिळत होते. मी न विचारता पहिलं दूध वेगळ्या भांड्यात काढलं आणि चोथ्यावर गरम पाणी ओतलं, तशी तिने चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघितलं. "हे कोणी शिकवलं?"

"आजीने."

सोबत तळलेले ब्रेडफ्रूटचे काप होते. म्हणजे आपला नीरफणस! पॅसिफिकच्या बेटांवरून इंग्रजांनी 1793 मध्ये तो जमैकाला आणला, मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. तिथून लोकांबरोबर इकडे आला. आणि प्यायला 'आग्वा दे सापो', बेडकाचं पाणी. घाबरू नका, गूळ, आलं, लिंबू आणि थंड पाणी. 'तापा दे दुल्से' नावाची जी ढेप मिसने फोडली ती आपल्या कोल्हापुरी गुळाच्या शेजारी ठेवली तर ओळखू येणार नाही.

जेवताना मिसने आजोबांची गोष्ट सांगितली. 1870 नंतर सान होसे ते लिमोन रेल्वे बांधायला जमैकाहून माणसं आणली, 1890 मध्ये रेल्वे झाली, मग केळीचे मळे आले. तिचे आजोबा किंग्स्टनहून बोटीने आले ते मळ्यावर. विशीतले. तीन वर्षं काम करायचं, पैसे साठवायचे, परत जाऊन जमीन घ्यायची. सगळ्यांचा प्लॅन हाच होता. मग आणखी दोन वर्षं. मग आणखी दोन. मुलं झाली, तीही इथे परकीच, कारण या लोकांना मोठ्या संख्येने नागरिकत्व मिळालं ते 1949 च्या घटनेनंतर. आजोबांनी स्वतःची थोडी कोकोची लागवड केली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी बुरशीने सगळ्या किनाऱ्यावरचा कोको झोपवला, ते बघायला ते नव्हते.

"ते परत गेले कधी?"

"नाही. पण पेटी भरलेली असायची. आजी दर वर्षी त्यातले कपडे उन्हात घालायची." मिसने माझ्या ताटात आणखी भात वाढला. "त्यांनी 'घरी' म्हटलं की जमैका. माझी आई 'घरी' म्हणायची ते या गावाला. मुली, तू काय म्हणतेस?"

मी म्हटलं, भात मस्त झालाय.

दुसऱ्या दिवशी बसने काहुइता. गाव छोटं, पण त्याच्या टोकालाच नॅशनल पार्क. 1994 मध्ये सरकारने प्रवेश फी एकदम वाढवली तेव्हा गावकऱ्यांनी फाटकच ताब्यात घेतलं होतं. तडजोड अशी झाली की आता पार्क गाव आणि सरकार मिळून चालवतात आणि गावाकडच्या दारातून तुम्ही मनाला येईल ती देणगी देऊन आत जाता. मी दहा डॉलर दिले. आत समुद्राला लागून सपाट पायवाट, वर आरडाओरडा करणारी हाऊलर माकडं. केळ्याच्या वेफर्सची माझी पिशवी एका रकूनने माझ्या डोळ्यांदेखत चेन उघडून नेली. पुण्यातल्या पाकीटमारांनी याच्याकडे क्लास लावावा.

याच गावात वॉल्टर फर्ग्युसन राहायचे. कॅलिप्सो गाणारे शेतकरी. 2023 मध्ये 103 व्या वर्षी गेले. कोणी टूरिस्टने कॅसेट मागितली की हे घरी टेपरेकॉर्डरसमोर बसून नव्याने गाऊन देत, कॉपी ठेवत नसत. पुढे त्यांच्या चाहत्यांवर त्या कॅसेट जगभर शोधायची वेळ आली, कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गॅरेजमध्ये. ते स्वतः मात्र जवळपास सगळं आयुष्य काहुइतातच राहिले. मला नारळपाणी देणाऱ्याने मोबाइलवर त्यांचं गाणं लावलं. खरखरत होतं. दोन वेळा ऐकलं.

आता हिशेब, कारण तुम्ही तेवढ्यासाठीच इथपर्यंत आला असाल. विमान सोडून माझे सात दिवस साधारण साडेचारशे डॉलरमध्ये झाले. गोव्याच्या मानाने महाग, पण अमेरिकेतल्या वीकएंडच्या मानाने स्वस्त. डॉलर चालतात, पण सुटे कोलोन ठेवलेत तर भाव नीट कळतो. अमेरिकेचा व्हॅलिड व्हिसा असेल तर भारतीय पासपोर्टला वेगळा व्हिसा लागत नाही, तरी निघण्याआधी नियम तपासा. मुलींनो, दिवसा बिनधास्त फिरा. अंधार पडल्यावर बीचवरून चालत येऊ नका आणि पोहायला जाताना बॅग वाळूत सोडू नका. 'गांजा हवा का' असं दिवसातून चारदा विचारतील, 'नो, ग्रासियास' म्हटलं की झालं. कोक्लेसला पाण्याची ओढ जोरदार आहे, लाइफगार्ड दिसेल तिथेच उतरा.

शेवटच्या सकाळी सहाला आईला फोन केला. तिकडे संध्याकाळचे साडेपाच, ती चहा घेत असणार. सूर्य समुद्रातून येतो हे सांगितलं. "उलटंच म्हणायचं," ती म्हणाली. नीरफणसाचं सांगितलं तेव्हा मात्र तिला खरा इंटरेस्ट आला. रवा लावून तळतात की नुसते? मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. "दोन वर्षं आणखी राहायला सांगतायत," मी म्हटलं. ती म्हणाली, "बघ बाई तुझं तू." आणि मग, फोन ठेवता ठेवता, "तुझ्या खोलीचा पंखा दुरुस्त करून घेतलाय हं बाबांनी."

बॅगेच्या तळातून लॅपटॉप काढला आणि व्हरांड्यात बसून मॅनेजरला तीन ओळी लिहिल्या. मार्चमध्ये प्रोजेक्टचा हा टप्पा संपतो, तोपर्यंत आहे, त्यानंतर पुण्याला परत. पाठवून टाकलं. समोरच्या झाडावर स्लॉथ नव्हता, रात्रीतून कुठेतरी गेला होता. म्हणजे जातो, फक्त आपल्यासमोर जात नाही.

बसला वीस मिनिटं होती. मिस हातात कागदात बांधलेला 'पान बोन' घेऊन आली, गुळाचा, मसाल्यांचा काळपट गोड पाव. "घाटात भूक लागेल," म्हणाली. मला भरून आलं. मी तिला मिठीच मारली.

तिने मला पाठीवर थोपटलं, बाजूला केलं आणि हात पुढे केला. "दोन हजार कोलोन."