कोपर खाली, कॅमेरा उभा

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या लग्नात फोटोवाला कोण, हे ओळखायला त्याचा कॅमेरा बघावा लागत नसे. हवेत गेलेलं उजवं कोपर दिसलं की समजायचं. नवरीचा उभा फोटो घ्यायचा म्हणजे कॅमेरा उभा करायचा, उजवा हात डोक्याच्या वर न्यायचा आणि मग कोपर बाहेर काढण्यावाचून गत्यंतर नसायचं. मंगल कार्यालयाच्या दाटीत ते एखाद्या आत्याच्या अंबाड्याला, नाहीतर मामांच्या फेट्याला लागायचंच. 'अहो फोटोवाले, जरा बघून!' हे ऐकल्याशिवाय लग्न पार पडत नसे.

ते कोपर खाली आणणारी वस्तू म्हणजे व्हर्टिकल ग्रिप. आपल्याकडे तिला सरसकट 'बॅटरी ग्रिप' म्हणतात. ती कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने बसते. तिच्या पोटात बॅटऱ्या असतात आणि टोकाला शटरचं दुसरं बटण. कॅमेरा उभा केला की हे बटण नेमकं तर्जनीखाली येतं. मनगट वळवावं लागत नाही, कोपर बरगडीशी राहतं, हात हलत नाही. माझ्या निकॉन झेड ८ ला ती जोडायची की नाही, हा सध्या आमच्या घरातला चर्चेचा विषय आहे. एकेकाळी मी ही चर्चा होऊच दिली नसती. ग्रिप नसलेला कॅमेरा मला अर्धवट वाटायचा.

त्याही आधी, काकाच्या स्टुडिओत, उभ्या-आडव्याची भानगडच नव्हती. काकाकडे याशिका मॅट १२४ जी होता. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून काचेत बघायचा. काचेत डावं ते उजवं दिसायचं, त्याची सवय व्हायला मला बरेच दिवस लागले. १२० चा रोल, त्यात १२ फोटो, प्रत्येक ६ बाय ६ सेंटीमीटरचा चौकोन. चौकोन कसाही फिरवला तरी चौकोनच, म्हणून कॅमेरा फिरवायचं कारण नव्हतं. फोटो उभा की आडवा, हे काका रात्री डार्करूममध्ये ठरवायचा. एन्लार्जरचं डोकं वरखाली करायचा, कागदावरच्या पट्ट्या सरकवायचा आणि नवरदेवाच्या बाजूला उगाच उभा राहिलेला पाहुणा लाल उजेडात चौकटीबाहेर जायचा. 'घेताना ऐसपैस घे, कापायला मी बसलोय,' असं तो मला सांगायचा. फोटो घेणं आणि फोटो ठरवणं ही दोन कामं होती आणि त्यांच्यामध्ये अख्खा दिवस असायचा.

मग ३५ मिलिमीटरचा रोल आला आणि दोन्ही कामं एका क्षणात करावी लागली. हा रोल मुळात सिनेमाचा. सिनेमाच्या कॅमेऱ्यात फिल्म वरून खाली धावते आणि तिच्यावर १८ बाय २४ मिलिमीटरची चौकट उमटते. जर्मनीत ऑस्कर बार्नाकने तीच फिल्म आडवी पळवली, चौकट दुप्पट केली आणि २४ बाय ३६ चा आडवा फोटो जन्माला आला. १९२५ मध्ये त्याचा लायका बाजारात आला आणि पुढच्या जवळजवळ सगळ्या कॅमेऱ्यांनी तेच अंग घेतलं. उजव्या हाताची मूठ, अंगठ्यापाशी रोल ओढायची दांडी, वर शटर. सगळी सोय आडव्या फोटोची. माणूस मात्र उभा. नवरी उभी, देवळाचं शिखर उभं, दहीहंडीचे थर उभे, गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला आलेली उंच मूर्तीही उभी.

काकाने निकॉन एफएम २ घेतला आणि पहिल्याच सीझनला ही अडचण लक्षात आली. रंगीत रोल घरी धुता येत नसे. तो लॅबमध्ये जायचा आणि तिथलं मशीन निगेटिव्हची चौकट आहे तशी पोस्टकार्ड साइझ कागदावर उतरवून द्यायचं. कापून हवं असेल तर वेगळी ऑर्डर, वेगळे पैसे, वर आठवडाभर थांबणं. अल्बममधल्या शेकडो फोटोंसाठी हे कोण करणार? म्हणजे कॅमेरा ज्या अंगाने धरला त्या अंगाने फोटो कायमचा झाला. अंतरपाट खाली आला की सेकंदभरात ठरवायचं: दोघांना आडवं घ्यायचं की नवरीला एकटीला उभं? रुखवत आडवं, सप्तपदी आडवी, मुंडावळ्या बांधलेला चेहरा उभा, असं वेळापत्रक माझ्या मनात तयार झालं होतं. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठासाठी फोटो मागणारे संपादक तर पहिलं वाक्य हेच बोलत: 'उभा आहे का? आणि वर नावापुरती जागा सोडलीय ना?'

व्हर्टिकल ग्रिप जन्मली ती याच काळाच्या गरजेतून, पण मागच्या दाराने. आधी मोटर आली. एफएम २ ला एमडी-१२ नावाची मोटर लागायची. पोटात ८ पेन्सिल सेल, सेकंदाला तीनच्या वर फोटो. ३६ चा रोल बारा सेकंदांत संपवायची ताकद, आणि ती वापरायची ऐपत आमच्याकडे नव्हती. तिला पुढे छान मूठ होती, पण उभ्या फोटोसाठी बटण नव्हतं. सेल ठेवायला कॅमेऱ्याखाली जागा वाढलीच आहे, तर तिथे एक बटणही द्यावं, हे हळूहळू रुळलं. १९८९ च्या कॅनन ईओएस-१ ला जो बूस्टर मिळायचा त्याने वेग सेकंदाला अडीच फोटोंवरून साडेपाचवर जायचा आणि उभं धरायला वेगळं शटरही मिळायचं. १९९६ च्या निकॉन एफ ५ मध्ये तर ग्रिप सुटी राहिलीच नाही, ८ सेलसकट ती कॅमेऱ्याचंच अंग झाली. फोर्टात बोरा बझारला रोल घ्यायला गेलो की हे कॅमेरे काचेआड बघायचे आणि रोल घेऊन परत यायचं.

माझ्या हातात ग्रिप आली ती डिजिटलच्या काळात, निकॉन डी ३०० बरोबर. तिचं नाव एमबी-डी १०. तिच्यात कॅमेऱ्याची जादा बॅटरी बसे, किंवा एका ट्रेमध्ये ८ पेन्सिल सेल. हा ट्रे म्हणजे त्या वर्षांतलं खरं वरदान. भारनियमनाचे दिवस होते. गावाकडच्या लग्नात चार्जर लावायला बोर्ड मिळाला तरी त्यात वीज असेलच असं नाही. सेल मात्र किराणा दुकानातही मिळत. साधे लवकर मान टाकत, म्हणून अल्कलाइन सेलची पाकिटं पिशवीत असायची. दुसरा फायदा वेगाचा. डी ३०० स्वतःच्या बॅटरीवर सेकंदाला ६ फोटो काढायचा. ग्रिपमध्ये आठ सेल घातले की ८. आठ सेल ओळीने जोडल्यावर व्होल्टेज वाढतं आणि आरसा वर-खाली करणारी, शटर ताणणारी यंत्रणा जास्त जोरात चालते, इतकं साधं कारण. अक्षता उडताना हे दोन जादा फोटो कामाला यायचे.

आणि तिसरा फायदा, जो कुठल्याही माहितीपत्रकात छापलेला नव्हता: रुबाब. ग्रिप लावलेला कॅमेरा जाडजूड दिसायचा. लोक आपोआप बाजूला व्हायचे. यजमान चहा आधी आणून द्यायचे. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेले गृहस्थ टेबलावरचा कॅमेरा बघूनच भावाची घासाघीस जरा कमी करायचे. म्हणून ज्यांना कंपनीची ग्रिप परवडत नव्हती तेही नकली ग्रिप घेत. तिचा स्क्रू चालता-चालता ढिला व्हायचा, ऐन सप्तपदीत कॉन्टॅक्ट सुटायचा आणि कॅमेरा बंद पडायचा. तरी ती कुणी काढत नसे. अस्सल ग्रिपलाही खोड्या होत्याच. आडवं धरलं की तळहाताने खालचं बटण दाबलं जायचं, म्हणून त्याला कुलूप. ते कुलूप काढायला विसरलं की उभा फोटो हुकला. ट्रायपॉडवर लावलं तर कॅमेरा आणि ट्रायपॉड यांच्यामध्ये आणखी एक सांधा, म्हणजे आणखी थोडं हलणं.

आता झेड ८ हातात घेतो आणि जुना एकेक फायदा तपासतो. वेग? आत आरसा नाही, यांत्रिक शटरही नाही. सेकंदाला २० रॉ फोटो तो ग्रिपशिवायच काढतो. व्होल्टेज वाढवून हलवायचं असं काही उरलेलंच नाही. बॅटरी? नवी ग्रिप कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या खोबणीतच शिरते, म्हणून आतली बॅटरी काढावी लागते. ग्रिपमध्ये दोन बसतात, म्हणजे नफा एकाच बॅटरीचा. तिच्या किमतीत तीन-चार सुट्या बॅटऱ्या सहज येतील, शिवाय पॉवर बँकेची वायर थेट कॅमेऱ्याला लावता येते. वजन? झेड ८ बॅटरीसकट ९१० ग्रॅम. ग्रिप अंगातच असलेला त्याचा थोरला भाऊ झेड ९ भरतो १३४० ग्रॅम. ग्रिप नको असणाऱ्यांसाठीच जणू हा धाकटा काढलेला, आणि मी त्याला पुन्हा थोरला करायला निघालो आहे.

रुबाबाचं तर विचारूच नका. आता वाट कुणी सोडत नाही. प्रत्येक पाहुणा हातात फोन धरून स्वतःच फोटोवाला झाला आहे, आणि त्यातली गंमत अशी की सगळे उभेच फोटो घेतात. फोन खिशातून निघतो तोच उभा. इन्स्टाग्रामवर सुरुवातीला फक्त चौकोन चालायचा, काकाच्या याशिकाचा. २०१५ मध्ये उभ्या-आडव्याला परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी स्टोरी आली, २०२० मध्ये रील आलं आणि उभ्याचं राज्य सुरू झालं. लग्नात माझ्याबरोबर काम करणारी माझी मुलगी मला रोज बजावते, 'बाबा, उभंच घे, आडवं कुणी बघत नाही.' ज्या उभ्या फोटोसाठी आम्ही कोपरं झिजवली तो जिंकला, आणि त्याच वेळी त्याच्यासाठी घडवलेली ग्रिप अडगळीत निघाली.

मुलीचा युक्तिवाद बिनतोड आहे. ती म्हणते, कॅमेरा फिरवूच नकोस. आडव्या चौकटीतून पूर्ण उंचीचा उभा तुकडा कापला तर २४ बाय ३६ मधून १६ बाय २४ मिलिमीटर उरतो, म्हणजे क्षेत्रफळाचा चव्वेचाळीस टक्के भाग. झेड ८ चे ४५.७ मेगापिक्सेल घेतले तर हातात वीस येतात. तुझ्या लाडक्या डी ३०० ची पूर्ण चौकटच १२ मेगापिक्सेलची होती, बाबा! हिशेब बरोबर आहे. 'ऐसपैस घे, कापायला मी बसलेय,' हेही ती म्हणते आणि मला हसू येतं. तिने काकाला पाहिलेलंही नाही. मधली पंचवीस-तीस वर्षं सोडली तर उभं-आडवं नेहमी नंतरच ठरत आलं, आधी लाल दिव्याखाली, आता स्क्रीनवर. ग्रिप ही त्या मधल्या वर्षांची वस्तू. माझी घडण त्याच वर्षांतली.

म्हणून जुन्या दिवसांच्या ओढीने ती घ्यायची नाही, हे मी आधी पक्कं केलं. घ्यायची तर आजच्या कामासाठी. मत विचारण्यापेक्षा फोल्डर उघडणं बरं. डिजिटल फोटोच्या पोटात कॅमेरा कसा धरला होता, कोणती लेन्स होती, हे नोंदलेलं असतं. गेल्या सीझनचे फोटो त्याप्रमाणे लावून पाहिले. उभे निम्म्याच्या जवळ निघाले आणि त्यातले बहुतेक ७०-२०० च्या जड लेन्सने घेतलेले. मुलीचा सल्ला ऐकूनही मी कॅमेरा फिरवतच होतो. कापायचं ठरवून घेतलेल्या फोटोंशी ते ताडून पाहिले तेव्हा फरक कळला. कॅमेरा उभा केला की मी पुढे सरकतो, वाकतो, नवरीच्या मागचा तोरणाचा कोपरा चौकटीत आणतो. आडवा धरला की मी जागेवरच थांबतो, कारण नंतर बघता येईल हे माहीत असतं. काकाला ते साधायचं, कारण त्याला डार्करूममध्ये काय उरणार आहे ते घेतानाच दिसायचं. मला दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून व्यवहाराची. अंतरपाट खाली येताच समोर फोनची भिंत उभी राहते. तिच्यामधून फोटो मिळत नाही, वरूनच घ्यावा लागतो. झेड ८ चा स्क्रीन उभ्या चौकटीतही वाकतो, त्यामुळे कॅमेरा डोक्यावर धरूनही दिसतं. पण त्या उंचीवर उभा कॅमेरा धरताना उजवा हात वरच्या कडेला वळतो आणि जड लेन्सने मनगट भरून येतं. ग्रिप असली की दोन्ही हात दोन्ही बाजूंना सरळ राहतात. जी ग्रिप कोपर खाली ठेवायला केली होती ती आता दोन्ही कोपरं वर नेताना हवी आहे.

तेव्हा घ्यायची. ७०-२०० लावलेल्या कॅमेऱ्याला ती राहील. हौसेने भटकायला निघालो तर स्क्रू फिरवून घरी ठेवीन. ज्यांचे उभे फोटो थोडे आणि लेन्स हलकी, त्यांनी मात्र दोन बॅटऱ्या आणि एक चांगला पट्टा घ्यावा, उरलेल्या पैशात चार ठिकाणी फिरून यावं. मुलीला निर्णय सांगितला. ती म्हणाली, 'घे, पण बॅग तूच उचलायची.' अट मान्य केली आहे. तुळशीचं लग्न लागलं की सीझन सुरू होतो, त्याआधी ती हाताला रुळायला हवी.