न्यूबरीचा ओलीस

इ.स. 1152. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मटिल्डा यांच्यातील यादवी ऐन भरात होती. मटिल्डाच्या बाजूचा एक उमराव जॉन फिट्झगिल्बर्ट याची न्यूबरी येथील गढी स्टीफनच्या वेढ्यात सापडली. जॉनने काही दिवसांची मुदत मागितली आणि शब्दाला जामीन म्हणून आपला धाकटा मुलगा राजाच्या स्वाधीन केला. मुलाचे नाव विल्यम, वय पाच-सहा वर्षे. मुदतीत गढी रिकामी करण्याऐवजी जॉनने तिच्यात माणसे आणि धान्य भरून घेतले. मुलाला फासावर चढवू, अशी धमकी आली. त्यावर त्याने कळवले की याहून सरस मुलगे घडवायला आपला हातोडा आणि ऐरण अजून शाबूत आहेत.

मुलाला खरोखरच फाशी देण्यासाठी नेण्यात आले. वाटेत त्याने एका सरदाराच्या हातातील भाला खेळायला मागितला आणि स्टीफनचे मन द्रवले. पुढचे काही दिवस राजा आणि त्याचा हा चिमुकला कैदी छावणीत रानगवताचे तुरे एकमेकांवर आपटून लढाईचा खेळ खेळत होते. स्टीफन दुबळा राजा होता, असे इतिहासकार म्हणतात, आणि ते खोटे नाही. विल्यम मार्शल जगला तो मात्र त्या दुबळेपणामुळेच.

हे सारे कळते ते विल्यमच्या मृत्यूनंतर त्याच्या थोरल्या मुलाने लिहवून घेतलेल्या, एकोणीस हजारांहून अधिक ओळींच्या जुन्या फ्रेंच पद्यचरित्रातून. चरित्र घरच्यांनीच करवून घेतलेले असल्याने त्यातील स्तुतीचा भाग वजा करूनच ते वाचावे लागते. पण आजोबांचे हे कठोर उत्तर घरच्याच चरित्रात जपले गेले, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

‘मार्शल’ हा मुळात राजाच्या पागेवरचा अधिकारी. हे पद घराण्यात वंशपरंपरेने चालत आले होते. पण विल्यम धाकटा, त्याच्या वाट्याला जमीन नव्हती. नॉर्मंडीतील टँकरव्हिलच्या नातेवाइकाकडे शस्त्रविद्या शिकून तो नाइट झाला. 1168 मध्ये लुझिन्यान घराण्याच्या लोकांनी घातलेल्या छाप्यात त्याचा मामा, सॉल्सबरीचा अर्ल पॅट्रिक, मारला गेला आणि विल्यम जखमी होऊन कैद झाला. त्याची खंडणी भरली राणी एलिनॉरने. दोन वर्षांनी तो तिच्या मुलाच्या, बापाच्या हयातीतच अभिषेक झालेल्या तरुण हेन्रीच्या, पदरी रुजू झाला.

त्या काळचे टूर्नामेंट म्हणजे चित्रपटांत दिसते तशी दोन घोडेस्वारांची टक्कर नव्हे. मैलोगणती शेतशिवारांतून दोन पथकांची झुंबड चाले आणि पकडलेल्या नाइटाकडून घोडा, चिलखत, खंडणी वसूल होई. विल्यमने यात नाव आणि पैसा दोन्ही मिळवले; मृत्युशय्येवर त्याने असे पाचशे नाइट पकडल्याचे सांगितले. एकदा बक्षीस द्यायला लोक त्याला शोधत गेले, तर तो लोहाराच्या दुकानात ऐरणीवर डोके ठेवून पडलेला आढळला. ठोके बसून चेपलेले शिरस्त्राण निघत नव्हते!

1183 मध्ये तरुण हेन्री वारला. त्याचा क्रूसाचा नवस फेडण्यासाठी विल्यम पवित्र भूमीत जाऊन आला. 1189 मध्ये बापाविरुद्ध उठलेल्या रिचर्डचा घोडा त्याने भाल्याने मारला. काही आठवड्यांतच तोच रिचर्ड राजा झाला आणि सूड घेण्याऐवजी त्याने इझाबेल द क्लेअरशी विल्यमचे लग्न लावून दिले.

विल्यमच्या मोठेपणाची खरी गुरुकिल्ली इथे आहे. तो चाळिशी ओलांडलेला, ती जेमतेम सतरा-अठराची. वडील ‘स्ट्राँगबो’ म्हणून प्रसिद्ध असलेले रिचर्ड द क्लेअर, आई लेन्स्टरच्या राजाची मुलगी ईफा. वेल्सच्या सरहद्दीवरील चेपस्टो, पुढे पेंब्रोक, आयर्लंडमधील लेन्स्टर हे सारे तिच्या वारशाने आले. 1207 मध्ये राजा जॉनच्या बोलावण्यावरून परत जाताना विल्यमने गरोदर इझाबेलला लेन्स्टरच्या उमरावांपुढे उभे केले आणि ही भूमी जन्माने हिची आहे, याची आठवण दिली. राजाचा आयर्लंडमधील कारभारी मायलर फिट्झहेन्री चालून आला, तेव्हा तिच्या माणसांनी त्याला नमवले आणि त्याचाच मुलगा ओलीस ठेवून घेतला.

ओलीस मुले त्या काळी राजकारणाचे नाणेच होती. विल्यमने फ्रान्सच्या राजापुढे आपल्या नॉर्मन जमिनींसाठी निष्ठेची शपथ घेतली म्हणून संतापलेल्या जॉनने 1205 मध्ये त्याचा थोरला मुलगा विल्यम मागून घेतला. मग दुसरा, रिचर्ड. इझाबेलचा या राजावर विश्वास नव्हता, आणि तिचे चुकत नव्हते. विल्यम द ब्रीओझची पत्नी आणि मुलगा याच जॉनच्या कैदेत उपाशी मेले. तरीही न्यूबरीचा तो ओलीस स्वतःचे मुलगे देत राहिला. फरक इतकाच की त्याने शब्द मोडला नाही. हा स्वामिनिष्ठेचा कळस होता की मुलांच्या जिवावर खेळलेला डाव, यावर चरित्रकाराला पहिलेच उत्तर मान्य आहे. वाचकाने ते मान्य करायलाच हवे असे नाही.

1215 च्या मॅग्ना कार्टाच्या वेळी बाप राजाकडे होता, तर ओलीस राहून आलेला थोरला मुलगा राजावर पहारा ठेवणाऱ्या पंचवीस उमरावांत. पुढच्या वर्षी जॉन मेला. नऊ वर्षांच्या हेन्रीच्या वतीने राज्य सांभाळण्याचे काम सत्तरीच्या विल्यमवर आले. 20 मे 1217 रोजी लिंकनच्या लढाईत तो स्वतः उतरला आणि फ्रेंच राजपुत्र लुईची बाजू खचली.

1219 च्या वसंतात तो कॅव्हरशॅमला अंथरुणाला खिळला. तिथे वाटणीचा प्रश्न निघाला. सर्वांत धाकट्या अँसेल्मला काही देऊ नये, माझ्यासारखे स्वतः कमवू दे, असे त्याचे मत होते. जुना सोबती जॉन ऑफ अर्ली याने गळ घातल्यावर 140 पौंड उत्पन्नाची जमीन त्याच्या नावे झाली. एक दिवस त्याला गाणे ऐकावेसे वाटले. मुलींना बोलावले. धाकटी जोन लाजत, अडखळत गायली, तेव्हा शब्द कसा उचलायचा हे त्याने तिला म्हणून दाखवले. 14 मे रोजी तो गेला. लंडनच्या टेम्पल चर्चमध्ये त्याचे दफन झाले.

पाच मुलगे होते. थोरला विल्यम 1231 मध्ये गेला. रिचर्ड 1234 मध्ये आयर्लंडमध्ये जखमी होऊन मेला. गिल्बर्ट 1241 मध्ये टूर्नामेंटमध्ये घोड्यावरून पडून; ज्या खेळाने बापाला घडवले, त्यानेच मुलाला संपवले. 1245 च्या नोव्हेंबरात वॉल्टर आणि महिन्याभरात अँसेल्म. एकालाही औरस संतती नव्हती. फर्न्सच्या बिशपची दोन गावे विल्यमने बळकावली म्हणून त्याचा शाप भोवला, अशी कथा मॅथ्यू पॅरिस सांगतो. वंश संपल्यावर शाप सापडणे अवघड नसते.

मग पाच मुलींच्या वारसांत सारी मालमत्ता विभागली गेली. मार्शलपद थोरल्या मॉडकडे गेले. इझाबेलच्या मुलीचा नातू म्हणजे स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस. पेंब्रोक मिळाले जोनच्या मुलीला, म्हणजे बापासमोर लाजत गायलेल्या त्या धाकटीच्या लेकीला.