चाकांवरचा संसार घेऊन सातपुड्याकडे

बुलढाणा जिल्हा म्हटला की लोक लोणारचे सरोवर सांगतात, सिंदखेडराजा सांगतात, शेगाव सांगतात. पण याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला सातपुड्याचे जंगल उभे आहे, ते आपल्यापैकी कितीजणांनी डोळ्यांनी पाहिले? वाचकहो, आपल्या वस्तीतला माणूस घराबाहेर पडतो तो कामासाठी, लग्नासाठी, मयतीसाठी, नाहीतर दवाखान्यासाठी. नुसते पाहायला म्हणून बायकापोरांसह निघणे आपल्या हिशेबातच नसते. म्हणून गेल्या हिवाळ्यात आम्ही तीन कुटुंबांनी वर्गणी काढली आणि ठरवले की, बुलढाण्याहून निघायचे ते जिल्हा संपेपर्यंत जायचे.

लॉज आणि हॉटेल परवडणारे नव्हते. तेव्हा बारा माणसांसाठी एक जुनी क्रूझर भाड्याने घेतली आणि ओळखीच्या एका शेतकरी भावाची ट्रॅक्टर-ट्रॉली. ट्रॉलीत माणसे बसवणे कायद्याने मना आहे आणि ते योग्यच आहे. वऱ्हाडाच्या ट्रॉल्या उलटून घरेच्या घरे उजाड झाल्याचे आपण वाचतोच. म्हणून माणसे क्रूझरमध्ये आणि संसार ट्रॉलीत. ताडपत्री, गोधड्या, शेगडी, पीठ, डाळ, कांदे, दोन कंदील आणि पाण्याचा २०० लिटरचा ड्रम. ट्रॅक्टरच्या चालीने जायचे म्हणून दीडशे किलोमीटरच्या आतल्या वाटेला आम्ही दोन दिवस दिले.

आपल्याकडे घाटावरचे आणि घाटाखालचे असे दोन जिल्हे एका जिल्ह्यात नांदतात. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बसले आहे. याच शहराजवळ उगम पावणारी पैनगंगा पूर्वेकडे जाते आणि तिचे पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळते. घाटावरून उत्तरेला उतरणारी नळगंगा मात्र पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. राजूर घाट उतरताना मुलांना हे सांगितले. उजव्या हाताला दूरवर दिसणारे रान ज्ञानगंगा अभयारण्याच्या बाजूचे. २०१९ साली यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला एक वाघ १३०० किलोमीटरपेक्षा जास्त चालून त्या अभयारण्यात पोचला होता. वाटेत त्याला कोणी गाव विचारले नाही, असे आमच्यातली एक मुलगी म्हणाली.

आम्हाला मात्र मोताळ्यापासूनच लोक विचारू लागले. चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्याने ट्रॉलीतल्या गोधड्या पाहिल्या अन् म्हणाला, "कोन्या कारखान्यावर चालले, भाऊ?" आम्ही म्हटले, कारखान्यावर नाही बाबा, जंगल पाहायला चाललो. त्याने पुन्हा गोधड्यांकडे पाहिले. "मंग मुकादम कोठी हाय?"

त्याचा काय दोष? घाटावरच्या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे अशाच ट्रॉल्यांतून जातात. चूल, कोंबड्या, तान्ही पोरे, सगळा संसार चाकांवर. राजस्थानकडून आलेले गाडी लोहार तर पिढ्यान्पिढ्या गाडीतच जन्मले आणि गाडीतच मेले. सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, म्हणजे झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीतून हिंडण्याचे. आपल्या लोकांना ही गाडी नवी नाही. तिच्यातून हौसेने निघणे तेवढे नवे आहे. आमच्याबरोबर सत्तरीच्या एक आजी होत्या. त्या म्हणाल्या, "पोटासाठी लय फिरलो बाप्पा, पाह्यासाठी आजच निंगलो."

या आजींनी १९७२ च्या दुष्काळात घाटाखाली खडी फोडली होती. मिलोच्या लाल भाकरी, वाटपाची सुकडी आणि हाताला पडलेले घट्टे त्यांना आजही आठवतात. मोताळा मागे पडल्यावर एका ठिकाणी त्यांनी गाडी थांबवायला लावली, खाली उतरल्या आणि रस्त्याच्या कडेला नुसत्या उभ्या राहिल्या. हा तोच रस्ता की दुसरा, हे त्यांनाही नक्की सांगता येईना. डांबर कितीदा चढले असेल त्यावर!

अमेरिकेतले हौशी लोक मोटारीमागे चाकांचे घर जोडून कॅनडातून थेट अलास्काच्या अरण्यात जातात. तो अलास्काचा रस्ता १९४२ साली युद्धाच्या धामधुमीत साधारण आठ महिन्यांत खोदला गेला, आणि तो खोदणाऱ्या सैनिकांपैकी सुमारे एक तृतीयांश काळे होते. तेव्हा अमेरिकेच्या सैन्यात त्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवल्या जात. सैन्यातला हा भेद मोडण्याचा हुकूम निघाला १९४८ साली. हे आजींना सांगितले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "त्याइले मजुरी बराबर भेटली का?"

नांदुऱ्यात १०५ फुटी हनुमान मूर्तीसमोर मुलांनी मान वर करून घेतली, आणि पुढे येरळीला पूर्णेचा पूल लागला. या नदीवर जिगाव प्रकल्पाचे काम वर्षानुवर्षे चालले आहे. त्यासाठी अनेक गावे उठायची होती. काही उठली, काहींचे पुनर्वसन रेंगाळले. पूर्णेच्या दोन्ही काठांना खारपाणपट्टा आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमीन काळी, खोल, कापसाला चांगली. पण विहिरीचे पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. तेच पाणी शेताला दिले तर जमीनही बिघडते. संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत मूत्रपिंडाचे आजार घरोघरी ऐकू येतात. आमचा पाण्याचा ड्रम या भागासाठीच भरून घेतलेला होता. आसलगावच्या अलीकडे एका गावात ओळखीच्या घरी मुक्काम केला. अंगणात ताडपत्री बांधली. घरच्या सूनबाई म्हणाल्या, नळ येतो, पण कधी आठवड्याने, कधी पंधरा दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी संग्रामपूरवरून सोनाळ्याला पोचलो. तिथे संत्र्याच्या बागा आणि बागांच्या मागे निळा डोंगर. अंबाबरवा अभयारण्य १९९७ साली झाले, क्षेत्र १२७ चौरस किलोमीटर, आणि आता ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. ट्रॉली अर्थातच बाहेर. रीतसर पास काढून आत गेलो. साग, सालई, धावडा, मोह, बांबू. सालईची साल पांढरट, कागदासारखी सुटणारी. तिचा डिंक धुपासाठी जातो. वाघ दिसला नाही. सांबराचे एक पाडस दिसले, आणि आमची एरवी एक मिनिट गप्प न बसणारी मुले पाच मिनिटे हूं की चूं न करता बसली.

या जंगलातली काही गावे पुनर्वसनात बाहेर आणली गेली आहेत. व्याघ्र प्रकल्पातून स्वेच्छेने उठणाऱ्या कुटुंबाला २००८ पासून १० लाख रुपये देण्याची योजना होती. बाहेर एका वस्तीत एक कोरकू आजोबा भेटले. कोरकू बोली मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, ती दूरच्या संथाळी-मुंडारीची बहीण. पाण्याला ते 'डा' म्हणतात. आजोबा मुलांना एकेक शब्द शिकवत होते. मध्येच म्हणाले, शाळा जवळ आली, दवाखाना जवळ आला, लाईट आली. मग डोंगराकडे बोट करून म्हणाले, "माझा बाप तिकडे पुरला आहे. तिथे जायला आता मलाही पास लागतो." वाघ जगला पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. परंतु आम्ही एका दिवसाचा पास घेऊन ज्या रानात मौजेने हिंडलो, तिथे हा माणूस जन्मला होता, हे कळल्यावर आमच्या हातातला पास जरा जड झाला.

तिसऱ्या दिवशी वारीला वान नदीवरचे हनुमान सागर धरण पाहिले. इथे अकोला जिल्हा लागतो, म्हणजे आपला संपला. घाटाखालच्या खाऱ्या गावांना नळाने जाते ते गोड पाणी याच धरणाचे. आम्ही वारीच्या एका नळावर रिकामा ड्रम काठोकाठ भरून घेतला. ट्रॉलीवाल्या भावाने कुरकुर केली की परतीला एवढा भार कशाला. आजींनी त्याला दटावले.

परतीच्या मुक्कामाला त्याच आसलगावकडच्या घरी थांबलो आणि ड्रम त्यांच्या अंगणात उतरवला. त्या संध्याकाळी सूनबाईंनी त्या पाण्यात तुरीची डाळ लावली. ती लवकर शिजली, आणि शेजारच्या दोन बाया तांब्या घेऊन आल्या.