पट्टा तर चालून राह्यला

दसरा जवळ आला की वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या गॅरेजांसमोर लहान मालगाड्यांची गर्दी होते. कापसाची वेचणी सुरू झाली की गाडीला उसंत नसते. बाजारभावाच्या यादीत ‘सिंदी (सेलू)’ हे नाव कापसाच्या रकान्यात दिसू लागते, आणि त्या दिवसांत गाडी उभी राहिली तर भाडे दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसते. म्हणून दुरुस्ती हंगामाच्या आधी. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी निम्मे लोक हंगामातच येतात.

*

अशाच एका मालगाडीच्या ड्रायव्हरची तक्रार एवढीच : “पाणी टपकून राह्यलं, भाऊ.” खाली वाकून पाहिले तर पुलीच्या मागून हिरवट ओघळ उतरलेला, कडेला वाळून पांढरी खपली धरलेली. वॉटर पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील गेले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडते. बरेच जण ते भोक एम-सील लावून बुजवतात. ओघळ थांबतो, मग पाणी बेअरिंगमध्ये जाते आणि पंप आवाज करू लागतो.

*

काही इंजिनांत पंप फॅन बेल्टवर फिरतो. तिथे पंप बदलणे तासा-दोन तासांचे काम. काहींत तो थेट टायमिंगच्या पट्ट्यावर असतो. या गाडीचे तसेच होते. म्हणजे पंपापर्यंत पोचायचे तर पट्टा उतरवावाच लागतो. मिस्तरी म्हणाला, पट्टा, टेन्शनर, आयडलर सगळे एकदमच बदलू. मालकाचा प्रश्न ठरलेला :

“पट्टा काऊन बदलवायचा? चालून तर राह्यला!”

यावर मिस्तरी काही बोलला नाही. त्याने जुना पट्टा पिळून उलटा केला आणि मालकापुढे धरला. दातांच्या बुडाशी केसाएवढ्या चिरा होत्या, एका कडेला पाणी लागून रबर फुगले होते. मालक म्हणाला, “बरं, टाका मग.”

*

पंप बिघडला तर सांगतो : गळतो, कुरकुरतो, तापमानाचा काटा वर चढतो. पट्टा बहुधा काहीच सांगत नाही. तो तुटला की वॉल उघडणारा कॅम जागच्या जागी थांबतो, पिस्टन मात्र वर येतच राहतात आणि उघड्या राहिलेल्या वॉलवर आदळतात. डिझेल इंजिनात दाब जास्त, त्यामुळे पिस्टन आणि हेड यांच्यात जागा अगदी थोडी. वॉल वाकतात, हेड उतरवावे लागते, आणि बिल पट्ट्याच्या किमतीच्या कितीतरी पट होते. शिवाय मजुरी पट्ट्याची नसते, उघडण्याची असते. ती दोनदा का द्यायची?

*

या लहान मालगाड्यांचे बोलीतले नाव छोटा हत्ती. मुळात ते टाटांच्या एसचे; ती 2005 साली आली. 702 सीसी, दोन सिलिंडर. आता कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी असो, भाडे ठरवताना लोक ‘छोटा हत्ती पाठवा’ असेच म्हणतात. केळी, कापूस, लग्नाचे मंडप, दहावीच्या वर्गाची बाके, सगळे त्यातच. कापूस वजनाला हलका पण फुगीर; भारापेक्षा उंची वाढते.

*

दात असलेला टायमिंगचा पट्टा मुळात 1940 च्या दशकात अमेरिकेत शिलाई यंत्रासाठी निघाला. कारखान्यात बनणाऱ्या मोटारीत तो आला 1962 च्या सुमारास, जर्मनीतल्या ग्लास कंपनीच्या गाडीत.

*

खरे पाहण्यासारखे काम मार्क जुळवण्याचे. क्रँक ‘टॉप’वर आणायचा, क्रँक, कॅम आणि डिझेल पंप या तिन्ही पुल्यांच्या खुणा आपापल्या जागी. मिस्तरीने तेलकट खुणा फडक्याने पुसल्या आणि त्यांवर व्हाइटनरचा ठिपका दिला. नवा पट्टा चढवून टेन्शनर सोडल्यावर त्याने स्टार्टरला हात लावला नाही. पाना घालून क्रँक हाताने दोन फेरे फिरवला. क्रँकचे दोन फेरे म्हणजे कॅमचा एक. ठिपके पुन्हा समोरासमोर आले का ते पाहिले. एक दात सरकला होता. न कुरकुरता सगळे सैल करून पुन्हा बसवले. मला त्या गॅरेजातले हे सगळ्यात आवडले.

*

पाण्याबद्दल. इकडे बोअरचे पाणी जड; घरच्या पातेल्यात पांढरा थर धरतो तसा रेडिएटरमध्येही. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या पुढे जातो, तेव्हा हा थर महागात पडतो. कूलंट पाणी गोठू नये म्हणून असते, आपल्याकडे त्याचे काय काम, असे म्हणणारे भेटतात. ते उकळबिंदू वर नेते आणि गंज धरू देत नाही, हेच इथे कामाचे. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन काही महाग नाही.

*

कूलंट हळूहळू ओतायचे. आत हवा अडकली तर इंजिन तापते आणि दोष नव्या पंपावर येतो. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे, मगच झाकण उघडून पातळी बघायची. ड्रायव्हर केळझरपर्यंत जाऊन आला आणि आल्या आल्या झाकणाकडेच हात नेला. मिस्तरी आतून ओरडला, “चहा पी आधी!”