चार शब्दांचं देणं

१९६८ साल. वडील मुंबईला गिरणीत, आम्ही देवगडकडच्या खेड्यात. तार आली म्हटलं की ती उघडण्याआधीच घरात रडारड सुरू व्हायची. म्हणून आमचे पोस्टमास्तर चांगल्या तारेच्या वेळी तारवाल्याला बजावायचे, "पाणंदीतनंच ओरड, पोर पास झाला म्हणून!"

त्या संध्याकाळी तारवाला आला नाही. मास्तर स्वतः आले. कंदिलाजवळ कागद धरला, चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"वहिनी, दादांची तब्येत बरी नाय. रातच्या एस्टीन निघा."

भाड्याचे पैसेही त्यांनीच आईच्या हातात कोंबले. आईने भाकऱ्या बांधल्या. वाटेत मी आणि धाकटी बहीण पोटभर जेवून तिच्या मांडीवर झोपलो. दुसऱ्या दिवशी चाळीच्या जिन्यात माणसं उभी दिसली, तेव्हा कळलं.

१८५४मध्ये मुंबई-कलकत्ता तारेने जोडली गेली आणि पुढच्या वर्षापासून लोकांनाही तार करता येऊ लागली. कापसाचे भाव, सरकारी हुकूम बोटीच्या, डाकेच्या पुढे धावू लागले. त्याआधी मुंबईची बातमी कोकणात यायची ती कुणा माणसाबरोबर, गलबतातून. तो ओसरीवर टेकायचा, पाणी प्यायचा, मग हळूच विषय काढायचा. तारेने बातमीचा हा सोबती काढून घेतला. पैसे शब्दाला मोजायचे, त्यामुळे धीराचे शब्द कुणाला परवडणार? ती सोबत आमच्या मास्तरांनी पदरची दिली.

१४ जुलै २०१३ला देशातल्या शेवटच्या तारा गेल्या. बातमी ऐकून मी आईची ट्रंक उघडली. तळाशी तो कागद होता. 'हजबंड एक्सपायर्ड स्टार्ट इमीजिएटली.'

"आई, मास्तरांनी तुला खोटं सांगितलं होतं."

"ठाऊक आहे," आई म्हणाली. "चार शब्द वाचायला त्यांना एवढा वेळ कधी लागला नव्हता. पण ते बोलले नाहीत, मग मीही विचारलं नाही. म्हणून तर तुम्ही दोघं त्या रात्री जेवलात."

एस्टीच्या भाड्याचे पैसे आईने वर्षभरात फेडले होते. त्या रात्रीच्या भाकरीचं देणं माझ्याकडे आहे.