यंत्राची रोजनिशी

दोष दुसऱ्याचा आहे असें एकदां मनानें घेतलें, कीं पुरावा पाहण्याची तसदी माणूस घेत नाहीं. हा धडा आम्हांला बोटाएवढ्या एका यंत्रानें दिला.

२०१६ सालीं दूरदर्शननें मुंबईसह १६ शहरांत मनोऱ्यावरून नवें अंकीय प्रक्षेपण सुरू केलें. छपरावर तबकडी नको, मासिक वर्गणी नको; डीव्हीबी-टी-२ पद्धतीचें ग्रहणयंत्र संगणकाच्या यूएसबी खांचेंत खोंचावें आणि चित्र पाहावें! आईला संध्याकाळच्या बातम्या दाखविण्याचें वचन आम्ही मोठ्या ऐटींत देऊन बसलों. आमच्या संगणकावर लिनक्स. यंत्राचा दिवा लागला. वाहिनी मात्र एकही सांपडेना.

मग आम्हीं क्रमानें सर्वांस आरोपी केलें. प्रथम अँटेना: तो खिडकींत, गच्चींत आणि शेवटीं कपाटावर चढला. नंतर तार. नंतर दुकानदार. चवथ्या दिवशीं, तिच्या सारख्या विचारण्यानें आमचें लक्ष उडतें, असें आईलाच सुनावलें. ती कांहीं बोलली नाहीं. त्यानंतर तिनें विचारणेंच सोडलें.

पांचव्या रात्रीं हताश होऊन 'डीमेसेज' ही आज्ञा दिली. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्वतःची रोजनिशी ठेवीत असतो. ती या आज्ञेनें वाचतां येते. यंत्र ओळखलें, ड्रायव्हर जोडला, येथवर सारें ठीक होतें. पुढें मात्र 'एसआय-२१६८' या चिपेचें फर्मवेअर मिळालें नाहीं, चूक उणें दोन, अशी नोंद होती. उणें दोन म्हणजे 'अशी फाईल येथें नाहीं'. हव्या त्या फाईलचें नांवसुद्धां दिलेलें! आम्हीं जितक्या वेळां वाहिन्या शोधल्या, तितक्या वेळां तीच ओळ निमूटपणें लिहिली गेली होती. चिपेला आपल्या कामाच्या सूचना संगणकाकडून घ्याव्या लागतात. त्याच आम्हीं दिल्या नव्हत्या. ती फाईल मिळवून 'फर्मवेअर' नांवाच्या फोल्डरांत ठेवली, यंत्र काढून पुन्हां लावलें, आणि पडद्यावर चित्र उमटलें.

आईला हांक मारली. ती आली, शांतपणें पाहत बसली. "बरं झालं लागलं ते. मी आपली रेडिओवर ऐकत होते," एवढेंच म्हणाली. यंत्राची तक्रार आम्हीं पांच दिवस वाचली नव्हती. आईचें गप्प राहणें तरी कोठें वाचलें होतें?

आम्हीं खालच्या मानेनें क्षमा मागितली. ती हंसून म्हणाली, "अरे, त्या अँटेनाचीही माग. बिचाऱ्याला उगाच कपाटावर बसवलंस!"