हक्क आणि मेहरबानी

वऱ्हाडातल्या आपल्या लोकांना 'अपग्रेड' हा शब्द आधी रेल्वेने शिकवला. वरच्या वर्गात बर्थ रिकामे राहिले, तर पूर्ण भाडे भरलेल्या नि संमती दिलेल्या खालच्या वर्गातल्या प्रवाशाला रेल्वे जादा पैसे न घेता वर बसवते. ही योजना २००६ ची. चार्ट तयार होतानाच हे ठरते, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर प्रतीक्षा यादीतल्या कुणाची तरी सोय होते. कुणाची ओळख लागत नाही, कुणापुढे हात जोडावे लागत नाहीत.

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून अकोल्याचे नातेवाईक आम्हाला विचारतात, "मास्तर, विमानातही फुकट वरची सीट भेटते का?"

बेलोऱ्याला आलेल्या एटीआर विमानात सगळे एकाच वर्गाचे. वर जाणार कुठे? मोठ्या विमानांत वरचा वर्ग असतो. साध्या वर्गाची तिकिटे जास्त विकली गेली आणि पुढे जागा असली, तर कंपनी कुणाला तरी पुढे बसवते. मान बहुधा तिच्या नेहमीच्या प्रवाशांचा. ही झाली मेहरबानी.

हक्क वेगळा. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आईवडिलांपैकी एकाच्या शेजारी जागा द्यावी, असे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले. वरच्या वर्गाचे तिकीट असून मर्जीविरुद्ध खाली बसवले, तर देशांतर्गत प्रवासात तिकिटाचे ७५ टक्के परत मिळतात. हा नियम २०२३ चा.

नागपूरहून अम्मीला विमानाने नेताना तिचे गुडघे दुखत होते. काउंटरवर पुढची, वाटेकडेची सीट मागू म्हटले, तर ती पुटपुटली, "राहू दे बेटा, फुकटचं मागू नये." आम्ही विचारले. तिथल्या मुलीने हसून सीट बदलून दिली. तो हक्क नव्हता, पण विचारण्यात कमीपणाही नव्हता.

आपल्या माणसांचे दुखणे इथेच आहे. काउंटरवर नाव सांगतानाच आवाज खाली जातो. मग हक्काचेही मेहरबानीसारखे मागितले जाते. वर्गात आम्ही मुलांना विनंतीपत्र आणि मागणीपत्र वेगवेगळे लिहायला शिकवतो. हा फरक परीक्षेपुरता राहू नये, एवढीच आमची इच्छा आहे.